पामच्या कुंडीतली भर

पानपुसे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. एका विमा कंपनीच्या स्वागतकक्षात बसणाऱ्या बाईने ते त्यांना चिकटवलं, आणि असं चिकटवलं की खालचा रखवालदारसुद्धा फोन उचलून "पानपुसे आलेत, वर सोडू का?" असं अगदी गंभीर तोंडाने विचारायला लागला. पानपुश्यांनी तक्रार केली नाही. ते खरंच पानं पुसायचे, मग तक्रार कसली करणार?

त्यांचा धंदा झाडं भाड्याने द्यायचा. चौदा ठिकाणी त्यांच्या कुंड्या उभ्या असायच्या: विमा कंपनी, दोन वकील, एक दातांचा दवाखाना, अशी सगळी जिथे माणसं वाट बघत बसतात ती ठिकाणं. एका हातात लांब चोचीची झारी, खांद्यावर पिशवी, पिशवीत जुने बनियन फाडून केलेली फडकी. बोट मातीत खुपसून ओल बघायची, पाणी घालायचं, कुंडी पाव वळसा फिरवायची, पानं पुसायची, चालू लागायचं. कुंडीतून काय काय निघायचं ते विचारू नका. सिगरेटची थोटकं, च्युइंगम, थंड झालेली कॉफी. दातांच्या दवाखान्यातल्या रबराच्या झाडाखाली तर एकदा अख्खी कवळी निघाली. पानपुश्यांनी ती धुतली, काउंटरवर ठेवली, आणि शांतपणे पुढच्या झाडाकडे वळले.

एखादं झाड दमलं, पिवळं पडायला लागलं की ते घरी यायचं आणि त्याच्या जागी ताजंतवानं जायचं. याला पानपुसे 'माहेरपण' म्हणायचे. तीन खोल्यांच्या त्यांच्या घरात पुढची खोली कायम अशा माहेरवाशिणींनी भरलेली. माणसाला बसायला एक खुर्ची होती, तिच्यावरही बऱ्याचदा फर्न असायचं.

या धंद्याची एक खुबी सांगून ठेवायला हवी. अरेका पाम वरून कितीही डौलदार असला तरी वय झालं की खालून बोडका होतो. आता वरून डौलदार आणि खालून बोडकी माणसं गिऱ्हाइकांना चालतात, पण झाड चालत नाही. मग पामच्या बुडाशी दुसऱ्या कुठल्यातरी झाडाचे शेंडे खोचून द्यायचे. ते मुळं धरतात, कुंडी गच्च भरलेली दिसते. याला 'भर' म्हणतात. भर मोजायची नसते. कुंडी पामची म्हणजे पामचीच. कोटाच्या अस्तराला कोणी वेगळा कोट म्हणतं का?

लग्न त्यांनी केलं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणायचे, "राहून गेलं," जसं काही पोस्टात पत्र टाकायचं राहून गेलं. एकटेपणाचं त्यांना फारसं काही वाटत नसे. फक्त एकदा शुक्रवारी त्यांचा घसा बसला. शनिवार गेला, रविवार गेला, आणि सोमवारी वकिलाच्या ऑफिसात "नमस्कार" म्हणायला तोंड उघडलं तेव्हा त्यांना कळलं, की आपल्याला आवाजच नाही. दोन दिवस नव्हता, आणि पत्ता नाही! हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी सगळीकडे ते पानं जरा जास्तच वेळ पुसत होते.

म्हणून मोठ्या बहिणीचा फोन आला, तेव्हा एकसष्टाव्या वर्षी ते खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"धाकट्या, पंधरा दिवस येऊन बघू का तुझ्याकडे?" ताई म्हणाली. "एकटीला घर खायला उठतं."

"ये की. पंधरा दिवस कशाला, राहाच."

"बघते म्हटलं ना. तिकडे मुलगाही बोलावतोय. पण त्याच्याकडे मुकादमला बाल्कनीत पिंजऱ्यात ठेवावं लागेल. सूनबाईंना केस चालत नाहीत. तुला चालेल ना?"

मुकादम म्हणजे ससा. राखाडी, एक कान उभा, एक आडवा. भावोजींनी पाळलेला. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते, आणि शेवटच्या आजारपणात हा ससा तासन् तास त्यांच्या पोटावर बसून असायचा. घरात कुणी काही काम करायला लागलं की मधोमध येऊन बसायचा आणि काम नीट चाललंय का बघायचा, म्हणून मुकादम.

"चालेल," पानपुसे म्हणाले. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी फोन लावला. डॉक्टरीणबाई एकेक नाव घेत गेल्या आणि पानपुसे कॅलेंडरच्या मागे लिहीत गेले. डम्बकेन, मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन, पीस लिली, आयव्ही, स्नेक प्लांट, रबराचं झाड, कोरफड. आपल्याच पोरांच्या तक्रारी शाळेतल्या बाईंकडून ऐकाव्यात तसं त्यांचं तोंड होत गेलं.

"डॉक्टर, माझं जवळजवळ सगळं खानदानच घेतलंत तुम्ही."

"मी नाही घेतलं, सशाने घेऊ नये म्हणून सांगतेय. त्याला उलटी करता येत नाही, लक्षात ठेवा. एकदा पोटात गेलं की गेलं."

"मग चालतं तरी काय?"

"अरेका पाम चालतो. स्पायडर प्लांट. बॉस्टन फर्न."

पानपुश्यांनी चार दिवस खपून भिंतींना फळ्या मारल्या. सगळं विषारी खानदान माणसाच्या छातीच्या वर चढलं. खाली राहिली फर्न, स्पायडर, आणि तीन जुने अरेका पाम, जे तसेही दोन माणसांशिवाय हलत नसत. गळलेली पानं सकाळ-संध्याकाळ वेचायची, असा नियम त्यांनी स्वतःलाच घातला आणि पाळलाही. या माणसाचं एक होतं, नियम घातला की पाळायचे. मग तो नियम पुरा आहे का, हे मात्र बघायचे नाहीत.

ताई आली ती एक बॅग, एक टोपली आणि टोपलीत मुकादम घेऊन. अठ्ठावीस वर्षं ती बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसलेली. तिथे "साधारण दहाच्या सुमारास" असलं उत्तर देऊन चालत नाही. त्यामुळे दारातच उलटतपासणी सुरू.

"हे घर आहे की जंगल? आणि ही वर टांगलेली काय म्हणतात?"

"ती वाईट आहेत. वरच राहणार."

"अंदाजे वाईट की नक्की?"

"नक्की. डॉक्टरांना विचारून लिहिलंय."

"खालची?"

"खालची सगळी चालतात."

"नक्की?"

"ताई, एकतीस वर्षं मी झाडंच करतोय."

"मी अठ्ठावीस वर्षं बशी करत होते, तरी एकदा मीच चुकीच्या बशीत बसले होते," ताई म्हणाली आणि टोपलीचं झाकण उघडलं. मुकादम बाहेर आला, खोलीच्या मधोमध बसला, आणि पानपुश्यांच्या एकतीस वर्षांच्या कामाची पाहणी करू लागला.

पुढचे अकरा दिवस पानपुश्यांना बरे गेले. म्हणजे त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही, पण ते दुपारचं जेवायला घरी येऊ लागले आणि बसून जेवू लागले. पूर्वी ओट्याशी उभ्याउभ्या उरकायचं. ताई दिवसभर बोलायची, त्यांच्याशी, सशाशी, रेडिओशी. मुकादम त्यांच्या बुटांच्या लेस कुरतडायचा. तीन जोड्या खलास झाल्या, तरी पानपुसे म्हणायचे, "असू दे, जुन्याच होत्या." फक्त दर रविवारी भाच्याचा फोन आला की ते आतल्या खोलीत जाऊन उगाच झारी धूत बसायचे आणि कान बाहेर ठेवायचे. "बघते रे, अजून ठरवलं नाही," हे एवढंच ऐकू यायचं. पंधरा दिवस भरायला चार उरले होते.

बाराव्या दिवशी सकाळी मुकादम कोथिंबिरीला आला नाही.

हे म्हणजे सूर्य न उगवण्यासारखंच. ताईने जुडी हलवली, हाका मारल्या. तो खुर्चीखाली पाठीला बाक काढून बसला होता, हनुवटीखालचे केस ओले, आणि दात करकर वाजत होते.

"धाकट्या!" ताईचा आवाज चिरकला. "याला काहीतरी होतंय. माझंच चुकलं. काल मी सफरचंद दिलं जास्तीचं. हे द्यायचे ना लाडाने, म्हणून दिलं. दोन फोडी जास्त दिल्या."

पानपुश्यांनी टोपली घेतली. त्या दिवशीचे दोन्ही वकील कोरडेच राहिले.

डॉक्टरीणबाईंनी सशाला टेबलावर घेतलं, पोट चाचपलं, ओठ उचलून आत बॅटरी मारली. "तोंड आलंय, लाळ गळतेय. एखादं झाड खाल्लंय का?"

"शक्यच नाही," पानपुसे म्हणाले. हे वाक्य त्यांनी अशा ताठ मानेने म्हटलं, की कुणालाही त्यांचा थोडा राग यावा. "तुमच्या यादीतलं सगळं वर आहे. मी रोज दोनदा पानं वेचतो. खाली फक्त अरेका, फर्न आणि स्पायडर."

"सफरचंदच," ताई म्हणाली. "मीच दिलं, डॉक्टर."

"सफरचंदाने ओठ सुजत नाहीत हो. मग मागच्या दाढा टोचत असतील. त्या बघायच्या तर गुंगी द्यावी लागेल. वय काय याचं?"

"सात. भरतील आता."

"सात म्हणजे म्हातारा. गुंगीत धोका आहे, सांगून ठेवते. पण हा खात नाहीये, आणि ससा खायचा थांबला की त्याची आतडी थांबतात. फार वेळ नाही." मग त्या पानपुश्यांकडे वळल्या. "तुमच्या आधी एक बाई आहेत, त्यांच्या मांजराचे टाके काढेपर्यंत अर्धा तास जाईल. तेवढ्यात घरी जाऊन एकदा बघून या. उभं राहून नको, सशाएवढं होऊन बघा."

घर दहा मिनिटांवर होतं. पानपुसे मनातल्या मनात डॉक्टरीणबाईंना नावं ठेवतच गेले. एकतीस वर्षांच्या माणसाला म्हणे सशाएवढं हो! पण सांगितलेलं करायची सवय अंगात मुरलेली. दार लावलं, चष्मा पुसला, आणि पुढच्या खोलीत फरशीवर पोटावर आडवे झाले.

खालून खोली वेगळीच दिसत होती. फर्नच्या कडा कुरतडलेल्या, ते ठीक. स्पायडरची पोरं गायब, तेही ठीक. मग खिडकीजवळचा पाम. पामचे दांडे उंच, पिवळसर, त्यांना कुणी हातही लावलेला नव्हता. आणि त्या दांड्यांच्या मध्ये, त्यांच्या नाकासमोर, रुंद, पांढऱ्या ठिपक्यांची पानं होती. डम्बकेन. चार शेंडे. त्यातल्या दोघांची पानं कडेला अर्धचंद्रासारखी तुटलेली, आणि तुटल्या जागी बारीक दातांच्या खुणा.

पानपुसे तसेच पडून राहिले. ही कुंडी सव्वा वर्षापूर्वी विमा कंपनीत होती, तेव्हा खालून बोडकी दिसते म्हणून त्यांनीच, याच हातांनी, भर खोचली होती. तिला गेले बारा दिवस ते रोज पाणी घालत होते. डॉक्टरीणबाईंनी यादीत पहिलं नाव सांगितलं ते डम्बकेनचं, आणि पानपुश्यांनी ते पहिलं लिहिलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर दिवाच पोटावर पडून अंधार बघत होता.

ते उठले आणि आधी बाकीच्या दोन पामांचं बूड चाचपलं. तिथेही होती. तिन्ही कुंड्यांत मिळून अकरा शेंडे निघाले. मुळासकट उपटून त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळले.

आता बघा, इथे एक सोपी वाट होती. फोनवर डॉक्टरीणबाईंच्या कानात सांगायचं, सशाला हवं ते औषध मिळालं असतं. ताईने सफरचंदावर सगळं घेतलंच होतं. अकरा शेंडे कचऱ्याच्या डब्यात, कुंड्यांत पाम, आणि पाम चालतो. कुणाला काही कळलं नसतं. ताई राहिलीही असती कदाचित. उलट खरं सांगितलं तर 'अंदाजे'ला 'नक्की' म्हणणारा निघाला म्हणून ती बॅग भरेल, हेही त्यांना दिसत होतं. भाच्याकडे सशाला बाल्कनीत ठेवतील, पण विष तरी घालणार नाहीत.

त्यांनी फोन लावला.

"डॉक्टर, गुंगी देऊ नका. डम्बकेन आहे. दोन पानं कुरतडलीत."

"नक्की?"

"नक्की. हातात आहे."

"बरं झालं वेळेत सांगितलंत. दोन चावे घेऊन तोंड भाजल्यावर सोडलं असेल, तेच नशीब. मी तोंड धुऊन औषध सुरू करते. बाहेर बाईंना सांगू का? रडतायत त्या सफरचंदाच्या नावाने."

"नको," पानपुसे म्हणाले. "मी येऊन सांगतो."

दवाखान्याच्या बाकावर ताई रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी एक गृहस्थ, त्यांच्या पायाशी दांडगा कुत्रा. पानपुसे दारातच उभे राहिले. आत येऊन बसण्याएवढी आपली योग्यता उरलेली नाही असं त्यांना वाटत होतं.

"ताई, सफरचंदाने नाही झालं."

"मग?"

त्यांनी वर्तमानपत्र उघडून दाखवलं. "याने."

"हे कुठे होतं?"

"खिडकीजवळच्या पाममध्ये."

"पाम चालतो म्हणालास."

"पाम चालतो. हे पामच्या बुडाशी होतं. कुंडी भरलेली दिसावी म्हणून मीच खोचलं होतं. मागे."

"आणि विसरलास."

"विसरलो असं नाही..." पानपुश्यांना खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं विचित्र होतं. "आम्ही ते मोजतच नाही, ताई. धंद्यात कुणीच मोजत नाही. रोज दिसत होतं. पण मला पामच दिसत होता."

"मी तुला तीनदा विचारलं होतं, नक्की का म्हणून."

"दोनदा," पानपुसे म्हणाले आणि जीभ चावली.

कुत्रेवाल्या गृहस्थांना राहवलं नाही. "होतं हो असं. आमच्या याने तर गेल्या महिन्यात अख्खा मोजा..."

"तुम्ही गप्प बसा हो!" ताई कडाडली. कुत्र्यानेही शेपूट आत घेतलं. मग ती भावाकडे वळली. "बाकीच्या दोन कुंड्यांत?"

"होतं. तिन्हींतलं काढलं. अकरा. हे बघ, मोज."

ताईने खरंच मोजले. एकेक शेंडा उचलून, कुरतडलेले दोन बाजूला काढून. त्यानंतर तिने वर्तमानपत्र दुमडलं, टोपलीत ठेवलं, आणि पुढचे तीन दिवस भावाशी एक शब्द बोलली नाही.

म्हणजे बोलली, पण सशामार्फत. सशाला दिवसातून चार वेळा सुई नसलेल्या सिरिंजने पातळ खाणं भरवायचं होतं. एकाने धरायचं, एकाने भरवायचं. "मुकादम, सांग त्याला, मान वर धर." "मुकादम, याला म्हणावं, चहा झालाय, थंड होतो." मुकादमाच्या तोंडाला फेस, पानपुश्यांच्या शर्टावर हिरवा शिंतोडा, आणि दोघा भावंडांची डोकी एकमेकांना आपटतायत. पानपुसे सगळ्याला "हो" म्हणायचे. सशालाच म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सशाने पाच लेंड्या टाकल्या. छोट्या, वाकड्यातिकड्या. दोघं जण गुडघ्यांवर बसून त्या पाच लेंड्यांकडे असे बघत राहिले, की एखाद्याला वाटावं मोतीच सांडलेत. ताईने डॉक्टरीणबाईंना फोन करून संख्या कळवली. नक्की. तिसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाने कोथिंबिरीचं एक पान ओढून घेतलं, मग दुसरं, आणि तिसरं खाता खाता पानपुश्यांच्या बुटाकडे नजर टाकली.

ताईने मात्र तिची बॅग पलंगावर काढून ठेवली होती. पानपुश्यांनी ती पाहिली आणि काही विचारलं नाही. चुकल्यावर 'जाऊ नको' म्हणायचा आपला हक्क गेला, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी आपलं एक केलं. चौदाही ठिकाणी जाऊन प्रत्येक कुंडीवर, अस्तरासकट आत काय काय आहे ते लिहिलेली चिठ्ठी लावून आले. विमा कंपनीतली बाई म्हणाली, "अहो पानपुसे, इथे कोण ससा आहे?" ते म्हणाले, "येईल कधीतरी कुणाच्या घरी."

रविवारी भाच्याचा फोन आला. पानपुसे झारी घेऊन आत गेले. पंधरा दिवस काल भरले होते.

"हो रे, आता बरा आहे," ताई सांगत होती. "झाड खाल्लं होतं. ... हो, मामाच्याच चुकीने. ... नाही, त्यानेच सांगितलं. मला काही कळणार नव्हतं, मी सफरचंदाला धरून बसले होते. ... हो, माहितीये खोली तयार आहे. ... हे बघ, रागावू नको. तुमच्याकडे कुणाचं काही चुकतच नाही. मागे तुम्ही सगळे आला होतात तेव्हा ह्यांच्या औषधाची वेळ चुकली, ती कुणाच्या हातून चुकली ते मला अजून कळलेलं नाही. मी इथे राहते. ... नाही, अंदाजे नाही. बरं, ठेवते."

झारीतून पाणी केव्हाचं ओसंडून वाहत होतं. पानपुश्यांनी नळ बंद केला.

ताई दारात येऊन उभी राहिली. "माझं कपाट मागवतेय जुन्या घरून," ती म्हणाली. थेट त्यांनाच. तीन दिवसांनी. "खिडकीजवळ लागेल. ती कुंडी काढ तिथून."

"केवढं आहे कपाट?"

"तू चौकशीच्या खिडकीत बसलायस का? काढ म्हटलं की काढायची."

"दोन माणसं लागतात तिला."

"मग मी कोण आहे?"

पाम अंगाने बारीक दिसला तरी कुंडी सिमेंटची होती. पानपुसे म्हणाले, ओढायची. ताई म्हणाली, ढकलायची. म्हणून थोडा वेळ एक जण ओढत होता आणि एक जण त्याच बाजूने ढकलत होता, आणि कुंडी अर्थातच हलत नव्हती. मुकादम मधोमध बसून बघत होता. शेवटी ती खरडत खरडत भिंतीपर्यंत सरकली. तिच्या जागी फरशीवर वर्षभराचा गोल, काळा डाग निघाला.

"हा काही पुसून जायचा नाही," पानपुसे म्हणाले.

"असू दे," ताई धापा टाकत म्हणाली. "वर कपाट येतंय. पण तिथे डाग आहे, एवढं लक्षात ठेव."